आधी किल्ली खुंटीला, मग ग्लास हातात : बोलोन्या ते रोम, दोघांनी गाडीने

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात आम्ही तारखा पक्क्या केल्या : २० सप्टेंबर २०२५ ला इटलीतल्या बोलोन्यात उतरायचं, ३० ला रोमहून परत निघायचं. सप्टेंबर निवडला तो द्राक्षतोडणीसाठी. आपल्याकडे नाशिकला द्राक्षं साधारण जानेवारी ते मार्चमध्ये तोडतात. मध्य इटलीतल्या टस्कनीत तोच हंगाम सप्टेंबर-ऑक्टोबरात येतो आणि तेव्हा उन्हाळ्यातली गर्दीही ओसरलेली असते.

नकाशा पुढे ठेवला तेव्हाच मुख्य अडचण कळली. द्राक्षमळ्यांच्या गावांत गाडीशिवाय नीट फिरता येत नाही आणि गाडी चालवायची असेल तर वाईन पिता येत नाही. इटलीत रक्तातल्या मद्यार्काची मर्यादा लिटरमागे ०.५ ग्रॅम आहे. २१ वर्षांखालच्यांना आणि लायसन्स मिळून तीन वर्षं झाली नसतील त्यांना ती सरळ शून्य. डिसेंबर २०२४ पासून शिक्षा आणखी कडक झाल्या आहेत. म्हणून आम्ही दोन गोष्टी कागदावर लिहून घेतल्या. दोघांनीही परवाना काढायचा आणि दिवसाआड चालवायचं, ज्याचा दिवस असेल त्याने घोटही घ्यायचा नाही. आणि मुक्काम असा हवा की संध्याकाळी किल्ली खुंटीला लावल्यावर जेवण आणि वाईन पायी गाठता येईल. पुढची सगळी बुकिंगं या दोन ओळींवरून ठरली.

इटलीला लागणाऱ्या शेंगेनच्या अल्पकालीन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान १५ दिवस आधी करावाच लागतो. महाराष्ट्र आणि गोव्याचे अर्ज मुंबईच्या इटालियन वाणिज्य दूतावासाकडे जातात. आपण ते व्हिसा अर्ज केंद्रात भरायचे. मेच्या मध्यावर पाहिलं तर जवळची तारीख १८ जूनची मिळाली. महिनाभर थांबावं लागलं, पण कागद जमवायला तेवढा वेळ लागतोच : सहा महिन्यांची बँक स्टेटमेंट्स, आयकर विवरणपत्रं, नोकरीचं आणि रजेचं पत्र, प्रत्येक रात्रीच्या मुक्कामाचा पुरावा, विमानाचं आरक्षण आणि निदान ३०,००० युरोंचं संरक्षण देणारा प्रवासी वैद्यकीय विमा. शुल्क मोठ्या माणसाला ९० युरो, केंद्राचा सेवाआकार वेगळा. त्या वेळी एक युरो १०० रुपयांच्या आसपास होता.

गाडीने फिरणाऱ्यांचा अर्ज एका जागी अडखळू शकतो. शेतघरांची, म्हणजे आग्रितुरिस्मोंची, आरक्षण-पावती पुष्कळदा एकाच पाहुण्याच्या नावाने येते. त्यांना आधीच मेल करून दोघांची पूर्ण नावं, पासपोर्टवर आहेत तशी, घालून घ्या. शिवाय रोज कुठून कुठे किती किलोमीटर जाणार आणि गाडी कुठे घेऊन कुठे सोडणार, एवढं एका पानावर लिहून पत्राला जोडा. ट्रेनची तिकिटं का नाहीत, हा प्रश्न मग उरत नाही. मुक्काम रद्द करता येण्याजोगेच घ्या. पासपोर्ट हातात पडायला आम्हाला १६ दिवस लागले. नियमात १५ दिवस म्हटलं आहे, पण गरज पडल्यास ४५ पर्यंत जाऊ शकतात. त्या दिवसांत दर तासाला अर्जाची स्थिती बघून काही हाती लागत नाही, तरी बघितली जातेच.

आंतरराष्ट्रीय वाहन परवाना जुलैमध्ये काढला. परिवहन विभागाच्या सारथी पोर्टलवर अर्ज भरायचा, १,००० रुपये फी भरायची आणि लायसन्स, पासपोर्ट, फोटो घेऊन आपल्या आरटीओत जायचं. वैद्यकीय दाखला आणि व्हिसा यांची अट २०२१ साली नियमातून निघाली आहे. तरीही दोन्हींच्या प्रती सोबत ठेवा. मागितल्याच तर दुसरा हेलपाटा पडत नाही. परवान्याची मुदत एक वर्ष. तो एकटा चालत नाही, मूळ भारतीय लायसन्स बरोबर हवंच. उलटही तितकंच खरं आहे : आपलं लायसन्स इंग्रजीत आहे म्हणून इटलीत तेवढ्यावर भागत नाही.

गाडी ठरवताना चार गोष्टी पाहिल्या. पहिली म्हणजे ऑटोमॅटिक. तिथे साध्या दरात गियरची गाडी मिळते आणि ऑटोमॅटिकला जास्त पडतं, पण स्टिअरिंग डावीकडे असताना उजव्या हाताने गियर टाकायची सवय आठवड्यासाठी लावून घेण्यात अर्थ नाही. दुसरी, आकार. सर्वांत लहान गाडी घ्या. डोंगरावरच्या गावांत गल्ली आणि गाडी यांच्यात वीतभरच अंतर उरतं. तिसरी, दुसऱ्या चालकाचं नाव करारात घालणं. याचे रोजचे वेगळे पैसे लागतात, पण नाव नसताना चालवली तर विमाच गळतो. चौथी, क्रेडिट कार्ड. अनामत मुख्य चालकाच्या नावच्या क्रेडिट कार्डावर अडकवून ठेवतात. डेबिट कार्ड बहुतेक ठिकाणी चालत नाही. आमचे १,२०० युरो अडकले. कार्डाचा परदेशी वापर सुरू करून घ्या आणि पिन पाठ करा, कारण पेट्रोलपंपावरचं यंत्र पिन मागतं. भाडं आठ दिवसांचं, रोममध्ये सोडण्याच्या वेगळ्या आकारासह, ५४० युरो झालं.

पहिले दोन दिवस, २० आणि २१ सप्टेंबर, गाडी घेतलीच नाही. बोलोन्याचा मध्यभाग पायी बघायचा. शहरभर पसरलेल्या कमानींच्या पडव्यांना २०२१ मध्ये जागतिक वारशात स्थान मिळालं. पाऊस आला तरी डोक्यावर छप्पर असतं. इथे टोमॅटोत लडबडलेली स्पगेटी मागू नका. इथलं रागू, म्हणजे मंद आचेवर तासन् तास शिजवलेला खिम्याचा रस्सा, अंड्याच्या रुंद पट्ट्यांच्या तालियातेल्लेबरोबर खातात. शाकाहारी माणसाने एक अक्षर नीट लक्षात ठेवावं : तोर्तेल्लिनी लहान असतात, आत मांस असतं आणि मांसाच्याच सूपमध्ये येतात, तोर्तेल्लोनी मोठे, आत रिकोत्ता चीज, वर लोणी आणि सेजची पानं. नुसतं शाकाहारी आहे म्हणून भागत नाही. ‘सेन्झा कार्ने, सेन्झा पेशे, सेन्झा ब्रोदो दी कार्ने’, म्हणजे मांस नको, मासे नकोत, मांसाचं सूपही नको, असं तिन्ही सांगावं.

बिलात ‘कोपेर्तो’ नावाची ओळ येते, माणशी साधारण दोन-तीन युरो. ती पाव आणि बसण्याची रीतसर आकारणी आहे, फसवणूक नाही. वर बक्षिसी द्यायची सक्ती नसते. जेवणाच्या वेळा मात्र कडक : दुपारी साडेबारा ते अडीच, रात्री साडेसातनंतर. मधल्या वेळात स्वयंपाकघर बंद. कॉफी काउंटरला उभ्याने प्या. टेबलावर बसलात की तिची किंमत वाढते.

२२ तारखेला दुपारी विमानतळावरून गाडी घेतली. ताब्यात घेताना पूर्ण गाडीचा व्हिडिओ काढायचा : चारही चाकांच्या कडा, काच, छत, बंपरचा खालचा भाग, किलोमीटर आणि इंधनाचा काटा. उजव्या दारावरचा ओरखडा करारावर नव्हता, तो तिथेच लिहून घेतला. चमकदार जाकीट आणि त्रिकोण गाडीत आहेत का तेही बघा.

उजवीकडून चालवणं अर्ध्या तासात जमतं. चुकतं ते दुसरीकडेच. आपण आयुष्यभर गाडीच्या उजव्या बाजूला बसून अंतर मोजलेलं असतं. डावीकडे बसलो की गाडी नकळत उजवीकडे सरकत राहते आणि भिंत किंवा दगडी कुंपण घासतं. शेजारी बसलेल्याने पहिले दोन दिवस फक्त ‘उजवीकडे जवळ आलं’ एवढंच सांगायचं काम करावं. गोल चौकात घड्याळाच्या उलट दिशेने जायचं आणि आत असलेल्याला आधी जाऊ द्यायचं. वस्तीबाहेर दिवसाही दिवे लावायचे. वेग वस्तीत ५०, साध्या रस्त्यावर ९०, दुभाजक असलेल्या महामार्गावर ११०, आउतोस्त्रादावर, म्हणजे टोलच्या द्रुतगती महामार्गावर, १३० आणि पावसात तिथेच ११०. काही पट्ट्यांत कॅमेरे दोन टोकांमधला सरासरी वेग मोजतात, त्यामुळे कॅमेऱ्यापुरता ब्रेक दाबून उपयोग होत नाही.

मोडेना बोलोन्यापासून चाळीसेक किलोमीटर. तिथे शेतावरच मुक्काम केला आणि दुपारी बाल्सामिक व्हिनेगरचं घर पाहिलं. दुकानात मिळणारी साधी बाटली म्हणजे द्राक्षाचा रस आणि वाईनचं व्हिनेगर यांचं मिश्रण. पारंपरिक प्रकारात फक्त शिजवून आटवलेला रस असतो. तो वेगवेगळ्या लाकडाच्या, उतरत्या आकाराच्या पिंपांत माळ्यावर ठेवतात. माळ्यावर, कारण उन्हाळ्याची तलखी आणि हिवाळ्याची थंडी दोन्ही त्याला लागतात. दरवर्षी सर्वांत लहान पिंपातून थोडंसं काढायचं आणि वरच्या पिंपातून खाली भरत यायचं. किमान १२ वर्षं. ‘एक्स्ट्राव्हेक्यो’ म्हटलं की २५. बाटली ठरावीक आकाराची, १०० मिलीची. चव घेताना काही थेंब प्लास्टिकच्या चमच्यावर देतात, धातूची चव मिसळू नये म्हणून.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला पार्मिजानो रेज्जानो या चीजचा कारखाना. ही वेळ चुकवू नका : चीज फक्त सकाळी बनतं, अकरानंतर गेलात तर धुतलेली भांडी दिसतात. मेलने आधी वेळ ठरवावी लागते. रात्रीच्या दुधावरची साय काढून त्यात सकाळचं दूध मिसळतात आणि तांब्याच्या, उलट्या घंटेसारख्या कढईत ओततात. विरजण असतं आदल्या दिवशी चीज काढून उरलेल्या पाण्याचं. दह्याला कालचंच विरजण लावावं तसं. मग दूध बांधणारं, वासराच्या पोटातून काढलेलं रेनेट. शुद्ध शाकाहारी असाल तर हे आधी समजून घ्या, कारण या नावाचं चीज रेनेटशिवाय बनूच शकत नाही आणि तिथल्या निम्म्या पदार्थांवर ते किसलेलं असतं. दूध दहा-बारा मिनिटांत बांधलं, की तारांच्या फुग्यासारख्या रवीने ते तांदळाच्या दाण्याएवढं फोडतात आणि ५५ अंशांपर्यंत तापवतात. दाणे तळाला बसून त्यांचा एकजीव गोळा होतो. दोघं जण लाकडी वल्ह्याने तो उचलतात, खालून पांढरं कापड सरकवतात आणि सुरीने मधोमध कापतात : एका कढईतून दोन चाकं, त्यांना ‘जुळी’च म्हणतात. चाळीसेक किलोच्या एका चाकाला साधारण ५५० लिटर दूध लागतं. पुढे वीसेक दिवस मिठाच्या पाण्यात आणि निदान १२ महिने फळीवर. बारा महिन्यांचं चीज दुधाळ लागतं, चोवीस महिन्यांचं दाणेदार, छत्तीसचं कोरडं आणि तिखटसर. तीन तुकडे या क्रमाने खाल्ले की वय म्हणजे काय ते जिभेलाच कळतं.

तिथून ए-वन आउतोस्त्रादाने टस्कनी. प्रवेशाला यंत्रातून तिकीट घ्यायचं, बाहेर पडताना पैसे भरायचे. बाहेर पडण्याच्या रांगांत पिवळी ‘टेलेपास’ची, म्हणजे तिथल्या फास्टॅगची, रांग आपली नाही. निळी कार्डांची, नोटा-नाण्यांचं चित्र असलेल्या पांढऱ्या पाटीखाली रोख. चुकून पिवळ्यात शिरलातच तर मागे घेऊ नका, हे फार धोक्याचं आहे. मदतीचं बटण दाबायचं, यंत्र न भरलेल्या टोलची पावती देतं आणि ती १५ दिवसांत ऑनलाइन भरता येते. बोलोन्यानंतर रस्ता दोन फाट्यांत विभागतो, ‘दिरेत्तिस्सिमा’ आणि ‘पानोरामिका’. दोन्ही ए-वनच आहेत आणि पुढे एकत्र येतात. पहिला २०१५ साली झालेला, बोगद्यांचा आणि झटपट; दुसरा जुना घाटरस्ता. जड ट्रक नको असतील तर घाट घ्या.

फिरेन्झे इम्प्रुनेता नाक्याला उतरून एसआर २२२ हा रस्ता पकडला. फ्लॉरेन्स ते सिएना जाणारी ही कियांतीजाना. अंतर सत्तरेक किलोमीटरच, पण सरळ पट्टा असा नाहीच. वरंधा घाटात ज्या बेताने चालवता त्याच बेताने चालवा आणि मागचा घाईत असेल तर थांबून वाट द्या. पांझानो गावाच्या कडेला तीन रात्री. जेवणाचं ठिकाण पायी दहा मिनिटांवर, जागा त्यासाठीच निवडली होती. नकाशाचं ॲप जवळचा रस्ता म्हणून ‘स्त्रादा बियांका’वर, म्हणजे पांढऱ्या खडीच्या कच्च्या वाटेवर, नेतं. बहुतेक भाडेकरारांत टायर, काच आणि गाडीचा तळ विम्यात नसतो, आणि खडीने नेमकं त्याचंच नुकसान होतं. दोन किलोमीटर वाचवायला जाऊ नका.

कियांती आणि कियांती क्लासिको या इथल्या दोन वाईनमध्ये फरक आहे. क्लासिको फक्त फ्लॉरेन्स आणि सिएना यांच्यामधल्या डोंगराळ पट्ट्यातली. तिच्यात निदान ८० टक्के सांजोवेझे द्राक्ष हवं आणि बाटलीच्या मानेवर काळ्या कोंबड्याची खूण. १७१६ साली तिसऱ्या कोसिमो या ग्रँड ड्यूकने फर्मान काढून या भागाची हद्द आखली होती. मळ्यांवर जायला मेलने वेळ घ्यावी लागते. नाशिकसारखं गेलो, काउंटरला पैसे भरले असं बहुतेक छोट्या मळ्यांत होत नाही, तोडणीच्या दिवसांत तर नाहीच. चार वाईनची चव, पाव, तेल, चीज : माणशी २५ युरो. चालकासाठी ‘स्पुताक्किएरा’ मागायचा. तोंडात घोळवून थुंकायचं ते भांडं असतं आणि ते मागण्यात तिथे काहीही वावगं नाही. वाईनवालेही तसंच करतात. आम्ही तर त्या दिवसाच्या चालकाची चवही रद्द केली आणि त्याच्या नावची बाटली विकत घेऊन रात्री उघडली. हा सौदा जास्त चांगला पडला, कारण तीच वाईन जेवणाबरोबर वेगळी लागते. टस्कनीचा पाव अळणी असतो, तो खारवलेल्या चीजबरोबर किंवा तेलात बुडवूनच चांगला लागतो. बिस्तेक्का, म्हणजे हाडासकट भाजलेला गोमांसाचा जाड तुकडा, मागवणार असाल तर मेन्यूतली किंमत ‘एत्तो’ची, म्हणजे १०० ग्रॅमची, आहे का किलोची ते बघा, तुकडा किलोहून लहान क्वचितच असतो.

२५ ला फ्लॉरेन्स. गाडी शहरात नेलीच नाही. ए-वनवरच व्हिला कोस्तान्झा नावाचा वाहनतळ आहे. आउतोस्त्रादावरून थेट आत शिरायचं, गाडी लावायची आणि तिथूनच ट्राम पकडून वीस-पंचवीस मिनिटांत सांता मारिया नोव्हेल्ला या मुख्य रेल्वे स्टेशनाला उतरायचं.

असं करण्याचं कारण झेडटीएल. जुन्या शहरांच्या आत फक्त परवानगी असलेल्या गाड्यांना मुभा असते. पांढरी गोल पाटी, लाल कड, बाजूला कॅमेरा. पाटीवर ‘वार्को आत्तिवो’ लिहून आलं तर प्रवेश बंद. आत्तिवो म्हणजे चालू, पण चालू आहे ते निर्बंध! लोक नेमके इथे फसतात. २०२५ मध्ये दंड ८३ युरोंपासून होता. शिवाय भाड्याच्या गाडीची कंपनी तुमचं नाव पोलिसांना कळवण्याचा आकार कार्डातून वेगळा कापते. हॉटेल आतच असेल तर गाडीचा नंबर आदल्या दिवशी हॉटेलला द्या आणि नोंद झाल्याचं लेखी उत्तर घ्या.

पार्किंग रेषांच्या रंगावरून ओळखायचं. पांढऱ्या फुकट, निळ्या पैसे भरून, पिवळ्या राखीव. पांढऱ्या रेषांजवळ घड्याळाचं चित्र असेल तर पोहोचल्याची वेळ दाखवणारी तबकडी काचेत ठेवावी लागते. ती गाडीच्या खणात असते. सिएनाला सांता कातेरीना वाहनतळात गाडी लावली. तिथून सरकते जिने थेट गावात चढवतात. पियाझ्झा देल काम्पो या चौकाच्या उतरत्या विटांवर बसून दुपार गेली, आणि ती तशीच जाऊ द्यावी.

पंपावर दोन भाव दिसतात. ‘सेल्फ’ स्वस्त, ‘सेर्व्हितो’ म्हणजे माणूस भरणार, तो महाग. पेट्रोल ‘बेन्झिना’, डिझेल ‘गाझोलियो’. यंत्र कार्डावर आधी शंभरेक युरो अडकवतं आणि खरी रक्कम नंतर कापतं. अडकलेले पैसे सुटायला काही दिवस जातात, म्हणून कार्डाच्या मर्यादेत तेवढी जागा ठेवा.

२६ पासून मोन्ताल्चिनो गावी, तीन रात्री, वेशीच्या आत, गाडी किल्ल्याजवळच्या वाहनतळात. तिथली ब्रुनेल्लो ही वाईन शंभर टक्के सांजोवेझेची. निदान दोन वर्षं लाकडात, आणि तोडणीनंतरच्या पाचव्या वर्षाच्या जानेवारीआधी विकता येत नाही. म्हणून २०२५ मध्ये नवी म्हणून २०२० ची बाटली मिळत होती. तीच द्राक्षं, कमी थांबून केलेली रोस्सो दी मोन्ताल्चिनो निम्म्याहून कमी किमतीत मिळते. रोजच्या जेवणाला आम्हाला तीच जास्त आवडली. बरोबर पीची, हाताने वळलेली जाड शेवई, आल्योने नावाच्या मोठ्या लसणाच्या टोमॅटो रश्श्यात; शाकाहारी माणसाला पोटभर. जवळच्या वाल दोर्चा खोऱ्यातल्या टेकड्या सकाळी आठच्या आधी बघा, तेव्हा धुकं खाली साचलेलं असतं आणि सायप्रसची झाडं त्यातून वर आलेली दिसतात. बान्यो विन्योनीत गावचा चौक म्हणजे गरम पाण्याचा हौद आहे. त्यात उतरायला मनाई आहे. पिएन्झाला पेकोरिनो, म्हणजे मेंढीच्या दुधाचं चीज, घ्या, निर्वात पिशवीत बांधून मागा.

बाटल्यांचं गणित आधीच करून ठेवलं होतं. भारतात माणशी दोन लिटर मद्य करमुक्त आणता येतं, म्हणजे ७५० मिलीच्या दोनच बाटल्या. चार बाटल्या फुगवट्याच्या प्लास्टिकमध्ये गुंडाळून, मध्ये कपडे घालून चेक-इन बॅगेत.

शेवटची रात्र मोन्तेपुल्चानो गावी, ३० ला तिथून रोमचा फ्युमिचिनो विमानतळ. शेवटच्या दहा किलोमीटरांत टाकी भरून पावती ठेवली, कारण काटा पूर्ण असला तरी पावती मागतात. गाडी परत करताना पुन्हा व्हिडिओ, आणि माणूस हजर असताना सही घेतली. किल्ली खोक्यात टाकून निघून जाऊ नका. अनामत नवव्या दिवशी सुटली. परदेशी माणसाला वाहतूक दंडाची नोटीस पाठवायला तिथे ३६० दिवसांची मुदत असते. म्हणून करार, टोलच्या पावत्या, पार्किंगची तिकिटं आणि दोन्ही व्हिडिओ एका फोल्डरमध्ये ठेवले आहेत, सप्टेंबर २०२६ संपेपर्यंत.